इंद्रभानवर घेतलेला आळ

इंद्रभान शाळेत आलाय हे मला वर्गात शिकवता शिकवता कळायचं. ऑफिसातून त्याचा आवाज यायचा आणि पुढची दहा मिनिटं आमचे मुख्याध्यापक लक्ष्मीकांत सर अगदी गप्प. एरवी सरांपुढे बोलायची कोणाची छाती नाही. पण इंद्रभानच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर असला की समोर मुख्याध्यापक आहे का सरपंच, त्याला काही फरक पडत नसे. कॉम्प्युटरचं कॅबिनेट जमिनीवर काऊन ठेवलं, झाडलेली धूळ कुठं जाते, वर टिफिन कोणी ठेवला, असं तो विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता झापायचा. एकदा दसऱ्यानंतर त्यानं ऑफिसचं मशीन उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर हळदकुंकू आणि आत अक्षता. गडी भडकला. "पूजा करा ना सर, मी कुठं नाई म्हणतो? पण बाहेरून करा. आतल्या मदरबोर्डले काय हळदीकुंकवाले बोलावलं व्हतं?" स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो होतो.

आमची शाळा चिखली तालुक्यात, उंद्रीच्या अलीकडच्या एका गावात. इंद्रभानचं दुकान चिखलीला, एका शटरचं. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आणि शाळाशाळांत कॉम्प्युटर आले तसा कॉम्प्युटर. शिक्षण दहावी. घरची शेती भाऊ करतो. मोटरसायकलच्या हँडलला काळी पिशवी अडकवून हा माणूस वीस वर्षं गावोगाव हिंडला. तालुक्यातल्या निम्म्या शाळांची आणि ग्रामपंचायतींची मशीनं त्याच्या हाताखालून गेलेली आहेत. लोक त्याला कटकट्या म्हणायचे, तोंडाळ म्हणायचे. खोटा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्याची कामाची रीत मला आवडायची, कारण मी विज्ञान शिकवते आणि आमच्या शाळेत त्या रीतीनं विचार करणारा तो एकटा होता. मशीन बंद पडलं म्हणून तो लगेच उघडायचा नाही. आधी विचारायचा. लाइट गेली होती का? आवाज आला का? वास आला का? मग खरंच वाकून कॅबिनेटच्या मागून वास घ्यायचा. जळका वास आला तर पॉवर सप्लाय. वास नाही आणि नुसत्या शिट्ट्या वाजतात, तर रॅम. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड पोरांच्या खोडरबरानं घासायचा, परत बसवायचा, आणि दहातली पाच मशीनं तेवढ्यावर सुरू व्हायची. नाही झालं तर एकेक वस्तू सोडवत जायचा आणि एकच बदलून पाहायचा. दोन गोष्टी एकदम कधी बदलायचा नाही. "दोन बदलल्या तं कोणती खराब व्हती, ते कसं कळन?" असं म्हणायचा. प्रयोगशाळेत हेच मी मुलांना सव्वीस वर्षं सांगतेय.

आणखी एक. नव्या पार्टवर मार्करनं तारीख घालायचा, आणि काढलेला जुना पार्ट त्याच्याच खोक्यात घालून ऑफिसात देऊन जायचा. जुनं सामान मालकाचं, मी काही भंगारवाला नाही, असं त्याचं म्हणणं. ती खोकी आमचे क्लार्क कपाटावर टाकायचे आणि दिवाळीच्या साफसफाईत फेकून द्यायचे.

आणि अशा माणसाला आमच्या शाळेनं चोर ठरवलं. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरातली गोष्ट. ऑफिसचं मशीन बंद पडलं. इंद्रभान आला, वास घेतला, पॉवर सप्लाय बदलला, धुळीवरून सरांना झापलं आणि गेला. जानेवारीत प्रिंटरची वायर लावताना चट्ट असा आवाज झाला आणि मदरबोर्ड गेला. तोही बदलला. मग लॅबमधली दोन मशीनं आठवड्याच्या अंतरानं गेली. आणि फेब्रुवारीत, दहावीचे प्रात्यक्षिकाचे गुण ऑनलाइन भरायला तीन दिवस उरले असताना, ऑफिसच्या मशीनचा तो नवा पॉवर सप्लायही जळाला. गुण भरायला क्लार्कला चिखलीच्या सायबर कॅफेत जाऊन बसावं लागलं. इंद्रभाननं तेव्हा सरांना विचारलं होतं, अर्थिंग कधी तपासली? सर म्हणाले, लॅब झाली तेव्हाच पक्की केली आहे, प्रमाणपत्र आहे. प्रमाणपत्र खरंच होतं. फ्रेम करून भिंतीवर लावलेलं होतं.

शाळा समितीचे अध्यक्ष शेषराव. मोठे बागायतदार, माणूस वाईट नाही, पण एकदा म्हटलं की म्हटलं. ते म्हणाले, नवा पार्ट दोन महिन्यांत जळतो का? जळतो म्हणजे तो नवा नव्हताच. बस, झाला निकाल. जुनी खोकी मागवली तर ती दिवाळीपासूनच नाहीत असं क्लार्क म्हणाले, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली खोकीसुद्धा दिवाळीत गेली म्हणे! कोणी विचारलं नाही, हे कसं? सगळ्यांना पटूनच गेलं. का पटलं ते मी सांगते. वीस वर्षं या माणसानं प्रत्येकाला प्रत्येकाची चूक तोंडावर सांगितली होती. आता त्याची चूक सापडली म्हटल्यावर कोणाला नको होती?

लक्ष्मीकांत सरांनी त्याच दिवशी तालुक्यातल्या मुख्याध्यापकांच्या आणि शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. इंद्रभानचं पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता, आणि खाली, "सदर इसम नव्याच्या नावाखाली जुने पार्ट बसवतो. सर्व शाळांनी सावध राहावे." सदर इसम! वीस वर्षं ज्याला चहा पाजला तो एका दिवसात इसम झाला. दुपारपर्यंत तो मेसेज मेहकर आणि लोणारकडच्या ग्रुपवरही फिरत होता. लोणारकडच्या बीबी गावातल्या माझ्या मावसबहिणीनं मलाच पाठवला, तुमच्याकडचा आहे का हा, म्हणून.

इंद्रभानचा मला फोन आला. त्याचा आवाज फोनच्या बाहेर ऐकू येत होता. तीन शाळांनी ठरलेलं काम रद्द केलं होतं, आणि त्याचं दुकान शाळांच्या कामावरच चालतं. पण तो कामाचं बोलतच नव्हता. "मॅडम, मले जे म्हणाचं ते माह्या तोंडावर म्हणा ना. मशीन समोर ठेवा, मले बोलवा, अन् मंग म्हणा चोर. पाठीमागं काऊन म्हणता?"

मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक होती, त्यात मी उभी राहिले आणि बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय म्हटलं. तपासल्याशिवाय आळ घेणं हे कुठलं न्यायाचं काम, म्हटलं. त्याला बोलवा, सगळ्यांसमोर तपासू द्या, दोषी निघाला तर मी स्वतः त्या मेसेजखाली माझं नाव घालीन. माझं ऐकून शेषराव म्हणाले, बोलवा बा तुमच्या इंद्रभानले, आम्ही काही हुकूमशाही करून नाही राह्यलो. घरी जाताना मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तो आला. ऑफिसात सर, शेषराव, क्लार्क आणि मी. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर काढलाच नाही. मीटर काढला. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये एक काडी न्यूट्रलच्या भोकात घातली, दुसरी अर्थच्या, आणि मीटर शेषरावांच्या नाकासमोर धरला. इथं दोन-तीनचा आकडा पाहिजे, म्हणाला. आकडा साठाच्या वर होता. मग त्यानं शेषरावांना चप्पल काढायला लावून कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावायला सांगितला. शेषरावांनी लावला आणि झटकन मागे घेतला.

"हा करंट जमिनीत जाले पाह्यजे," इंद्रभान म्हणाला. "जमीन त्याले घेऊन नाई राह्यली. मंग तो पत्र्यावर बसते. तुम्ही प्रिंटर लावला का तिकडं उडी मारते. यात मी सोन्याचा पार्ट टाकला तरी जळन." मग त्यानं सरांकडे मोर्चा वळवला आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्राला हार घाला म्हणून सांगितलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी अध्यक्षांकडे पाहून म्हटलंसुद्धा, बघा.

मग त्यानं विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठं आहे? सरांना माहीत नाही. क्लार्कला माहीत नाही. शेवटी शिपाई उकंडरावांना बोलावलं. ते आम्हाला ऑफिसच्या मागे घेऊन गेले आणि एका मोठ्या कुंडीपाशी थांबले. कुंडीत झेंडू होता. खाली मुरूम दाबून बसवलेला होता. इंद्रभान म्हणाला, यात पाणी कोण टाकते? उकंडरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मी टाकत व्हतो. दर शनिवारी एक बादली पाणी अन् मूठभर मीठ. फिटिंगवाल्यानं सांगतलं व्हतं. मंग मॅडमनं बंद करा म्हटलं."

हो. मॅडम म्हणजे मी.

झालं होतं असं. ऑक्टोबरात आठवीच्या मुली मला सांगत आल्या की ऑफिसच्या मागे काहीतरी पुरलंय, उकंडरावकाका दर शनिवारी तिथे जातात, चप्पल काढतात, मीठ टाकतात, हात जोडतात. आम्हाला तिकडून जायची भीती वाटते. शनिवार काय, मीठ काय, हात जोडणं काय! माझं पित्त खवळलं. मी विज्ञान मंडळाची प्रमुख, अंधश्रद्धेवर गावोगाव व्याख्यानं देणारी, आणि माझ्याच शाळेत हा प्रकार? मी दुसऱ्याच दिवशी परिपाठाला, तीनशे मुलांसमोर, उकंडरावांना उभं केलं. विचारलं, हे कशासाठी करता? ते म्हणाले, फिटिंगवाल्यानं सांगतलं. मी विचारलं, पण का? त्यांना ते सांगता येईना. बिचारे म्हणाले, मशीनले बरं असते. मी मुलांना म्हटलं, पाहिलंत? कारण माहीत नसताना करतात, त्यालाच अंधश्रद्धा म्हणतात. मुलं हसली. मी टाळ्यासुद्धा वाजवून घेतल्या. मग तो खड्डा बुजवायला लावला आणि वर कुंडी ठेवली. मिठानं आणि ओलाव्यानं माती वीज वाहून नेते हे मी नववीला शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते.

कुंडीभोवती सगळे उभे होते. इंद्रभान माझ्याकडे पाहत होता. त्याला काय पाहिजे होतं ते मला स्वच्छ कळलं. बैठकीत मी जशी तावातावानं बोलले होते, तशीच आता मी बोलावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. ही चूक माझी, याचा काही दोष नाही. दोन वाक्यं. माझ्या तोंडातून निघाली नाहीत. लक्ष्मीकांत सरांनी पटकन सावरून घेतलं, म्हणाले, चला, कारण सापडलं, वाद मिटला. उकंडरावांनी कुंडी सरकवली, मुरूम उकरला, बादल्या ओतल्या, मीठ टाकलं. तासाभरात मीटरचा आकडा साठावरून पंचविसावर आला, आणि सोमवारी पाहिला तर तीनवर. इंद्रभाननं सोमवारी पॉवर सप्लाय बसवला, तारीख घातली आणि चहा न घेता गेला.

ग्रुपवरचा मेसेज मात्र तिथेच होता. मी रोज पाहायची. आज सर काढतील, उद्या काढतील. एक आठवडा गेला. चौथ्या शाळेनं त्याला नको म्हटल्याचं कानावर आलं, तेव्हा मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, सर, ते मेसेजचं काय? सर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, मॅडम, दुरुस्ती टाकायची तर कारण टाकावं लागेल, आणि कारण टाकलं की तुमचं नाव येईल. शाळेचं येईल. मी तुमच्यासाठीच गप्प आहे. जाऊ द्या, लोक विसरतात.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून त्याचं नाव तसंच घाण ठेवायचं? आणि ते माझ्यावर उपकार म्हणून? पण राग सरांवर काढून काय उपयोग? आठ दिवस मी तरी दुसरं काय केलं होतं? मी तिथेच उभ्या उभ्या मोबाइल काढला आणि त्याच ग्रुपवर लिहिलं. खड्डा मी बुजवला. मशीनं माझ्या अडाणीपणामुळे जळाली. इंद्रभान यांनी बसवलेला प्रत्येक पार्ट नवा होता, बिघाडही त्यांनीच शोधला. त्यांच्यावर घेतलेला आळ खोटा आहे. खाली माझं नाव. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी उकंडरावांची माफी मागितली, तीनशे मुलांसमोरच. ते म्हणाले, हाव मॅडम, पण आता मीठ शाळेनं द्यावं, मी घरून आणत व्हतो.

आणि ग्रुपवर काय झालं? हात जोडलेली चित्रं. पन्नास-साठ. "मॅडम, आपल्या प्रामाणिकपणाला सलाम." "असे शिक्षक आहेत म्हणून समाज आहे." "आदर्श!" मी वर-खाली, वर-खाली करून वाचलं. इंद्रभानबद्दल एक ओळ नाही. ज्यांनी त्याचं काम रद्द केलं, त्यांनीही मलाच सलाम ठोकला होता. एक तरी म्हणेल की आमचं चुकलं, आम्ही त्याला परत बोलावतो, तर शपथ!

पुढं तर कमालच झाली. एक मेच्या झेंडावंदनाला शेषरावांनी माइकवरून माझं नाव पुकारलं आणि प्रामाणिकपणाबद्दल शाल-श्रीफळ पुढे केलं. मी शाल घेतली नाही. माइकवरच म्हटलं की ही इंद्रभानची आहे, त्याला बोलावून द्या, आणि देताना आळ घेतला म्हणून माफी मागा. शेषराव हसले, म्हणाले, देऊ की, त्यालेही बोलावू. टाळ्या पडल्या. त्याला कोणी बोलावलं नाही. आमच्या शाळेला बोलावण्याची गरजही पडली नाही, कारण खड्ड्यात पाणी पडतंय आणि मशीनं वर्षभर ठणठणीत आहेत. मी दोनदा त्याच्या दुकानी गेले. दोन्ही वेळा शटर खाली होतं. शेजारच्यानं सांगितलं की आता तो लांबलांबची कामं घेतो, जिथे ओळख नाही तिथली.

यंदा दहावीच्या परीक्षेला माझी ड्यूटी मेहकर तालुक्यात लागली, हिवरा आश्रमच्या रस्त्यावरच्या एका शाळेत. पहिल्याच दिवशी ऑफिसात सही करायला गेले तर टेबलाशेजारी कॅबिनेट उघडून इंद्रभान बसलेला. आतमध्ये उंदरानं कागद कुरतडून घर केलं होतं. वर चिवड्याची पुडी, आणि कॅबिनेटच्या झाकणावर कोणाचा तरी ओला रुमाल वाळत घातलेला. मी दारातच थांबले. म्हटलं, आता याचा आवाज चढणार. मला ऐकायचा होता तो आवाज. वर्षभर मी त्या आवाजासाठी तळमळले होते.

त्यानं रुमाल उचलला, घडी केली आणि बाजूला ठेवला. उंदराचं घर हातानं काढलं. मग पिशवीतून नव्या पार्टचं खोकं काढलं आणि तिथल्या क्लार्कपुढे धरलं. क्लार्कचं नाव अविनाश, इंद्रभानच्या निम्म्या वयाचा.

"पाहून घ्या साहेब. सील हाय. नंबर वाचून घ्या, फोटो काढून घ्या, मंग फोडतो."

अविनाश मोबाइलमध्ये बघत म्हणाला, पाहावंच लागते बा, तुमचा तो मेसेज आम्हालेही आला होता. आणि हसला. इंद्रभानही हसला. मला वाटलं, एक थोबाडीत मारावी. कोणाच्या ते सांगता येत नव्हतं. मी पुढे झाले आणि म्हटलं की इंद्रभान, मशीनमध्ये उंदराचं बिऱ्हाड आहे, वर चिवडा ठेवलाय, ओला रुमाल वाळतोय, काहीतरी बोला ना यांना. मला बोला. मला तर एक शब्द तुम्ही बोलला नाहीत.

त्यानं मला नमस्कार केला. बरी आहात ना मॅडम, म्हणाला. मग पार्ट बसवला, मशीन सुरू करून दाखवलं, जुना पार्ट खोक्यात घातला आणि पिशवीतून एक वही काढली. अविनाशला म्हणाला, जुना पार्ट परत मिळाला म्हणून इथं सही करा साहेब. अविनाशनं केली. मग त्यानं वही माझ्याकडे वळवली.

"तुम्हीबी करा मॅडम. साक्षीदार म्हणून."

मी सही केली. त्यानं ती नीट पाहिली आणि खाली तारीख घालायला सांगितली.